आधी बॉयलरला, मग माणसाला

दसऱ्याच्या आसपास आमच्या साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन असतं. मांडव, केळीचे खांब, पूजेला बसलेलं जोडपं, भाषणं, मग चेअरमनसाहेबांच्या हातात पेटता टेंभा. टेंभा आत गेला की टाळ्या, पेढे आणि फोटो. पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर पडल्या की आमचं काम सुरू होतं. मागच्या हंगामात कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगितलं, "हे आमचे बॉयलर अटेंडंट. नेव्हीत होते, विराटवर."

पाहुणे एकदम खूश. "विमानवाहू जहाज! म्हणजे रोज विमानं बघायला मिळत असतील."

मी हो म्हणालो. दर वेळी हो म्हणतो, कारण खरं सांगायला बसलं तर पाहुण्यांचं जेवण गार होईल. विराटवरच्या चार वर्षांत विमान उडताना मी वीस-पंचवीस वेळा पाहिलं असेल. बाकी सगळा वेळ मी पाणी बघत होतो. फूटभर उंचीच्या काचेतलं पाणी.

मी माण तालुक्यातला, दहिवडीच्या आतल्या अंगाचा. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत बायका घागर ठेवायच्या आणि घागर नसली तर दगड ठेवून नंबर धरायच्या. दगडाचा नंबरसुद्धा सगळे मानायचे. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर ते वर्ष बरं. अशा गावातला पोरगा नेव्हीत भरती झाला याचं लोकांना हसूच आलं. आई म्हणाली, "हिरीत कदी पवला न्हाईस, समिंदरात काय करनार?" विहिरीत पोहण्याइतकं पाणी कुठं होतं, हे ती विसरली होती.

१९९८ ची ही गोष्ट. ओडिशात आयएनएस चिल्कावर सुरुवातीचं ट्रेनिंग झालं आणि ट्रेड मिळाला एमई, म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरिंग. कागदावर काहीही लिहा, जहाजावर आम्हाला स्टोकरच म्हणतात, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. कोळसा जाऊन जमाना झाला तरी नाव तेच. पुढचं ट्रेनिंग लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. ऐन जुलैत पोचलो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आमच्या गावाचा आठ वर्षांचा कोटा एका पावसाळ्यात. डांगऱ्या, म्हणजे कामाचे कपडे, वाळत नाहीत, बुटांना बुरशी येते म्हणून बाकीची पोरं वैतागलेली. मी रात्री उठून खिडकीशी उभा राहायचो. एवढं पाणी, आणि कुणी बादलीसुद्धा खाली लावत नाही, याचा मला खरोखर राग यायचा.

पहिली पोस्टिंग एका लहान डिझेल जहाजावर गेली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. २००१ मध्ये विराटची ऑर्डर आली तेव्हा मी सुट्टीवर गावी होतो. आमच्या वाडीवर एक नाना होते, पहिल्या विमानवाहू विक्रांतवरचे जुने स्टोकर. ऐंशीच्या दशकात निवृत्त होऊन शेळ्या सांभाळत होते. पाया पडायला गेलो.

"कुठलं जाज?"

"विराट, नाना."

"वाफंचंच हाय न्हवं आजून?"

"व्हय."

"मग दोन गोष्टी. काचंवरची नदर काडू नगंस. आन् बॉयलरात उतरताना खिशात काय ठिवू नगंस."

नाना १९७१ मध्ये विक्रांतवर होते. लोकांना त्या लढाईतली सी हॉक विमानं माहीत असतात. ४ डिसेंबरला त्यांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले, ते पुस्तकात आहे. नाना मात्र बॉयलरचीच गोष्ट सांगायचे. १९७० मध्ये विक्रांतच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना चिरा सापडल्या होत्या आणि त्या वेल्डिंगने बुजण्यासारख्या नव्हत्या. चारपैकी एक बॉयलर निकामी, उरलेल्या तिघांवर भरवसा ठेवायचा आणि वेग आवरता घ्यायचा, अशा अवस्थेत ते जहाज बंगालच्या उपसागरात लढायला गेलं. "वर ईमानं उडत हुती, आनि आमी खाली बॉयलरला कान लावून बसलेलो. लेकराला ताप आल्यावर आई बसती तसं." विक्रांतला शोधत पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमपर्यंत आली होती आणि तिथंच बुडाली, हे त्यांना नंतर कळलं. त्यावर ते एवढंच म्हणायचे, "टार्पेडू आला असता तर पयला आमच्याच अंगनात."

मुंबईला लायन गेटमधून आत शिरलो आणि गोदीत विराट समोर आली. ट्रंक डोक्यावर असल्यामुळे मान वर करता येत नव्हती, म्हणून आधी दिसली ती फक्त करडी भिंत. सव्वादोनशे मीटर लांब भिंत. शेवटाला डेक बारा अंशांनी वर उचललेला, नांगर फाळासकट उचलून ठेवल्यासारखा. तो स्की-जंप. सी हॅरिअर धावत येऊन त्यावरून हवेत फेकलं जातं. पण मला कुणी डेकवर नेलं नाही. एका लीडिंग हुद्द्याच्या नौसैनिकाने ऑर्डर बघितली, "स्टोकर? चल नीचे," म्हणाला आणि आम्ही शिड्या उतरू लागलो. एक, दोन, तीन. पुढे मोजणं सोडलं. दर शिडीला हवा गरम होत गेली आणि आवाज वाढत गेला.

हे जहाज इंग्लंडमध्ये बॅरोच्या गोदीत १९४४ साली बांधायला घेतलं आणि १९५३ साली पाण्यात उतरवलं. माझे वडील त्याच वर्षीचे. १९५९ ला ते हर्मिस नावाने इंग्रजांच्या आरमारात गेलं, १९८२ ला फॉकलंडची लढाई लढलं आणि १२ मे १९८७ ला प्लिमथमध्ये विराट झालं. खाली उतरलं की ही सगळी वर्षं हाताला लागायची. व्हॉल्व्हवरच्या पितळी पट्ट्यांवरची अक्षरं पुसून पुसून गुळगुळीत झालेली. कुणीतरी इंग्रज स्टोकर माझ्या जन्माआधी तेच चाक फिरवून घामाने तेवढाच भिजला असेल, असं वाटायचं.

बॉयलर चार. प्रत्येकाला तीन ड्रम: वर मधोमध वाफेचा एक, खाली दोन बाजूंना पाण्याचे दोन, आणि वरच्यापासून खालच्यांपर्यंत उतरलेल्या शेकडो नळ्या. म्हणजे नळ्यांचा तंबूच, आणि तंबूच्या पोटात आग. तीन दगडांच्या चुलीवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की ही चूल चारशे पौंड प्रेशरची वाफ करायची आणि चारही मिळून ७६ हजार हॉर्सपॉवरची टर्बाइनं फिरवायची. वाफ पुन्हा तापवून सुपरहीट केलेली असते. ती गळली तर दिसत नाही, फक्त शिट्टीसारखी ऐकू येते. आवाज कुठून येतोय हे हात फिरवून शोधायचं नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा आमच्या पेटी ऑफिसरने, म्हणजे पीओंनी, दिला. केरळचे होते, बुटके, मिशीवर कायम घामाचे थेंब. मी भट्टीच्या झरोक्यातून आग बघत उभा होतो. आग सुंदर दिसते, त्यात नवल काही नाही. त्यांनी माझी कॉलर धरून मला वळवलं आणि गेज ग्लाससमोर, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेसमोर, उभं केलं.

"आग मत देख. पानी देख. आग तेरे को नहीं मारेगी, पानी मारेगा."

मग त्यांनी विचारलं, काच भरलेली आहे की रिकामी? मी बघितलं. काचेत पाण्याची रेघ नव्हती. म्हटलं, रिकामी. म्हणाले, कशावरून? भरलेली काच आणि रिकामी काच दिसायला सारखीच असते. रेघ काचेच्या वर गेली तरी दिसत नाही आणि खाली गेली तरी दिसत नाही. त्यांनी खालचा ड्रेन कॉक उघडून काच फुंकून दाखवली, एकदा वाफेकडून, एकदा पाण्याकडून, आणि ड्रेन बंद केल्यावर पाणी उसळून जागेवर आलं. त्या दिवसापासून वॉचवर, म्हणजे पाळीवर, चढलं की आधी काच फुंकायची. आजही मी कारखान्यात शिफ्टला आलो की कुणाला रामराम करायच्या आधी तेच करतो.

जहाजावर नुसतं हजर राहून वॉच मिळत नाही, तिकीट काढावं लागतं. तिकीट म्हणजे बॉयलर रूम एकट्याच्या भरवशावर सोडायला हरकत नाही, असा लेखी दाखला. त्यासाठी जर्नल भरायचं. मेन स्टीम, फीड, तेल, बिल्ज, फायर मेन, प्रत्येक पाइपलाइन उगमापासून शेवटापर्यंत कागदावर हाताने काढायची, आणि काढण्याआधी ती खरोखर शोधायची. टॉर्च घेऊन प्लेटांच्या खाली पोटावर सरपटत जायचं, पाइपला हात लावत. एखादी लाइन बल्कहेडमध्ये, म्हणजे जहाजातल्या पोलादी भिंतीत, घुसायची, पलीकडे जाऊन बघावं तर तिथून पाच बाहेर आलेल्या. आपली कोणती? हे चार-पाच महिने चालतं. चार तासांचा वॉच, मग जर्नल, मग झोप आणि झोपेतही पाइपच. मिडल वॉच, म्हणजे रात्री बारा ते चार, सगळ्यात वाईट. पन्नास अंशांच्या आसपास उष्णता, गळ्यात कापड, एका हातात लिंबूपाण्याचा मग. त्या मगात घाम पडायचा आणि मग मीठ वेगळं घालावं लागायचं नाही, असा आमचा विनोद होता. फार चांगला विनोद नाही, पण रात्री तीनला चालायचा.

आता पाण्याकडे येतो. बॉयलरला समुद्राचं पाणी चालत नाही. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, ते नळ्यांत बसलं की नळ्या गेल्याच. म्हणून समुद्राचं पाणी इव्हॅपोरेटरमध्ये निर्वात करून कमी उष्णतेवर उकळायचं, वाफ थंड करायची आणि ते ऊर्ध्वपातित पाणी टाक्यांत भरायचं. जहाजावरचं गोडं पाणी सगळं इथूनच. त्याची वाटणी ठरलेली: आधी बॉयलर, मग भटारखाना, मग पिण्याचं, आणि उरलं तर आंघोळ. नळ दिवसातून ठरावीक वेळेलाच सुटायचे. कुणी कुरकुरला की इव्हॅपोरेटरचा वॉचकीपर म्हणायचा, "पहले बॉयलर, फिर आदमी." मला या वाटणीचा कधी राग आला नाही. आमच्या घरी हीच वाटणी होती. आधी म्हैस, मग माणसं.

विराटच्या चिन्हावर बोधवाक्य होतं, "जलमेव यस्य, बलमेव तस्य". ज्याची समुद्रावर सत्ता, तोच बलवान. ते शिवकाळातलं असं आम्हाला सांगायचे आणि मेसडेकमधल्या, म्हणजे आमच्या राहण्याच्या जागेतल्या, आम्हा चार-पाच मराठी पोरांची छाती त्याने फुगायची. पण साबण लावून झाल्यावर नळ गेला की हेच वाक्य दात-ओठ खाऊन म्हटलं जायचं. इव्हॅपोरेटरवाला अंडर ट्रेनिंग पोरगा असेल तर त्याच्या नावासकट.

फीडच्या, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या, पाण्याची परीक्षा मला फार आवडायची. नमुना काचेच्या नळीत घ्यायचा आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी नितळ राहिलं तर ठीक. दुधाचा थेंब पडल्यासारखं धूसर झालं तर कुठूनतरी मीठ शिरतंय. वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरची एखादी नळी गळत असेल. जिभेला जे मीठ कधीच कळणार नाही, ते त्या दोन थेंबांना कळतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या टँकरच्या पाण्याची आठवण आली. त्यात थेंब टाकले असते तर नळीत ताकच झालं असतं. तालुक्यात माणसांना मिळत नाही एवढं शुद्ध पाणी मी रोज हजारो लिटर एका लोखंडी जनावराला पाजत होतो.

तिकिटाच्या आधीची माझी चूक सांगतो. दुपारचा वॉच, मी फीड चेक व्हॉल्व्हवर, बॉयलरला किती पाणी सोडायचं ते ठरवणाऱ्या चाकावर. ऑटोमॅटिक रेग्युलेटर असतो, पण शिकणाऱ्याला हाताने पाणी सांभाळायला लावतात. खाली आम्हाला विमान दिसत नाही, ऐकूही येत नाही. तरी उड्डाण सुरू होणार हे सगळ्यांत आधी आम्हाला कळतं. जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळायला लागतं, पायाखालची प्लेट कलते, चहाचा मग घसरतो आणि मग रेव्होल्यूशन, म्हणजे पंख्याचे फेरे, वाढवायची ऑर्डर येते. जास्त वेग म्हणजे जास्त वाफ. टर्बाइनने वाफ ओढली, प्रेशर खाली आलं आणि माझ्या काचेतलं पाणी सर्रकन वर चढलं. म्हटलं पाणी जास्त झालं, वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जाईल. मी व्हॉल्व्ह बंद करायला लागलो.

पीओंनी माझा हात असा काही झटकला की मनगट दोन दिवस दुखत होतं. व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्यांनी नुसतं काचेकडे बोट केलं. अर्धं मिनिटही गेलं नसेल, वर चढलेलं पाणी खाली येऊ लागलं. चढताना होतं त्यापेक्षा खाली. मी बंद करत राहिलो असतो तर रेघ काचेतून खाली निघून गेली असती आणि कोरड्या नळ्यांवर आग चालू राहिली असती.

दूध उतू जाताना वाढत नाही, फुगतं. तसंच हे. प्रेशर एकदम उतरलं की पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि त्यांच्यासकट पाणी वर येतं. काच सांगते पाणी वाढलं, प्रत्यक्षात ते कमी होत असतं. लोणावळ्याच्या वर्गात हे मी शिकलो होतो, परीक्षेत बरोबर लिहिलंही होतं. पीओ त्यावर काही बोलले नाहीत. वॉच संपल्यावर त्यांनी मला हँगरमधून वर नेलं, आयलंडच्या, म्हणजे डेकवरच्या मनोऱ्याच्या, मागे एका कोपऱ्यात उभं केलं आणि म्हणाले, "देख, किसके लिए पानी चढ़ा था."

एक सी हॅरिअर उतरायला आलं होतं. जहाजाच्या डाव्या अंगाला येऊन ते हवेत थांबलं. विमान थांबतं हे ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांना ते पटत नाही. खालचं समुद्राचं पाणी पांढरं होऊन चहूकडे उडत होतं. कान दाबूनही आवाज छातीत घुसत होता. मग ते कडेकडेने सरकत डेकवर आलं आणि टेकलं. मी बावळटासारखा उभा. नंतर कळलं की असं हवेत थांबताना उष्ण हवेत त्याच्या इंजिनाला जोर पुरत नाही, म्हणून त्यात शुद्ध केलेलं पाणी फवारतात. दोनशेच्या वर लिटर पाणी दीड मिनिटात संपतं. एअर हँडलर ब्रँचमधला एक सांगलीचा मित्र होता, त्याने हे सांगितल्यावर मी त्याला म्हटलं, म्हणजे आंघोळीच्या रांगेत आमच्या पुढे हेही आहे तर. तो आठवडाभर सगळ्या मेसला सांगत फिरला.

तिकिटाच्या बोर्डाला पहिल्यांदा मी नापास झालो. समोर सिनिअर इंजिनिअर, बाजूला चीफ. लाइनी सगळ्या बरोबर काढल्या. शेवटी सिनिअरने विचारलं, "काचेत पाणी दिसत नाही. काय करशील?"

"सर, फीड वाढवीन."

"आणखी दोन आठवडे," म्हणाले, आणि जर्नल परत दिलं.

आधी तेल तोडायचं. आग बंद. मग पाणी वर गेलंय की खाली ते शोधायचं. लालभडक नळ्यांवर पाणी सोडणं म्हणजे तापल्या तव्यावर शिंतोडा मारणं, आणि तवा चारशे पौंडांचा. दुष्काळी गावाचा स्वभाव नडला. पाणी दिसेना म्हटल्यावर आणखी पाणी मागावं, याखेरीज दुसरं मला सुचलंच नाही. दोन आठवड्यांनी सिनिअरने तोच प्रश्न पुन्हा विचारला, त्याच आवाजात. तिकीट मिळालं.

बंदरात आल्यावर लोक लिबर्टीला जातात, गेट वे, कुलाबा, सिनेमा. स्टोकर बॉयलर क्लीनिंगला जातो. बॉयलर थंड करून, उपसून, ड्रमची झाकणं काढायची आणि आत माणूस घालायचा. मी अंगाने किडकिडीत, त्यामुळे निवड ठरलेली. भोक एवढंसं की आधी दोन्ही हात, मग डोकं, मग खांदा तिरका करून शिरायचं. आत उभं राहता येत नाही, बसताही येत नाही. दिव्याच्या उजेडात नळ्यांची तोंडं रांगेने, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. आत जाताना प्रत्येक हत्यार लिहून न्यायचं आणि बाहेर येताना लिहून द्यायचं. एखादा नट किंवा चिंधी नळीत राहिली तर तिथून पाणी फिरत नाही, नळी जळते आणि फुटते.

साफ झाल्यावर नळ्या मोकळ्या आहेत हे बघायला वरून पोलादी गोळ्या सोडतात. एका नळीत एक. खालचा माणूस झेलतो आणि मोजतो. वरून किती सोडल्या, खाली किती आल्या, हिशोब जुळलाच पाहिजे. मराठीत याला गोट्या खेळणं म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. एका शनिवारी मी खाली झेलायला होतो आणि शेवटी एक गोटी कमी भरली.

पुन्हा मोजलं. एक कमी. पुन्हा सगळ्या नळ्यांतून सोडल्या. सगळ्या आल्या, पण मूळ हिशोबात एक कमीच. सहा वाजले, सात वाजले. आमच्या पार्टीतल्या कुणालाच लिबर्टी नाही. दोघांची घरची माणसं भेटायला येऊन गेटवर थांबलेली. ड्रममध्ये आरसा घालून बघितलं, भट्टीत उतरून बघितलं. रात्री साडेनऊला पीओ म्हणाले, सगळे कपडे झाडा. माझी डांगरी मला लांब होती, पायाशी दोन दुमड्या घातलेल्या. उजवी दुमड सोडली आणि गोटी टणकन प्लेटवर पडून घरंगळत पीओंच्या बुटापाशी थांबली.

कुणी काही बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं. नानांनी खिशाचं सांगितलं होतं, दुमडीचं सांगितलं नव्हतं.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम, म्हणजे पाकिस्तानसमोर फौजा उभ्या करण्याची मोहीम, सुरू झालं. त्या महिन्यांबद्दल लोक फार उत्सुकतेने विचारतात. खाली आमचं आयुष्य होतं तसंच होतं, फक्त लांबलेलं. घरी फोन नाही, पत्रं उशिरा, पाण्याचे तास आणखी कमी. लढाई होईल का, हे आम्हाला वरच्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही, कारण वरचे चेहरे दिसायचेच नाहीत. एकदा नव्या पोराने पीओंना विचारलं, "सर, कुछ होगा क्या?" ते म्हणाले, "पानी कितना है?" पोराने सांगितलं, अर्धी काच. "तो ठीक है."

पराक्रम संपत आलं त्याच सुमारास एक पाऊस मिळाला, तो विसरलो नाही. संध्याकाळ, उड्डाण संपलेलं, विमानं खाली हँगरमध्ये. आकाश काळं झालं आणि डेकवर जायची परवानगी मिळाली. शेकडो माणसं साबण घेऊन स्की-जंपच्या पायथ्याशी. कुक, राइटर, सिग्नलवाले, स्टोकर, सगळे चड्डीवर. मी डोक्याला साबण लावला आणि पाऊस थांबला. कोरडा ढग पुढे निघून गेला आणि तीनशे माणसं फेसाने माखलेली आकाशाकडे बघत उभी. सांगलीवाला ओरडला, "जलमेव यस्य!" आणि सगळ्या मराठी पोरांनी जी काही उत्तरं दिली ती इथं लिहिता येणार नाहीत.

२००५ ला विराट सुटली. २०१३ ला पंधरा वर्षं पुरी करून घरी आलो, बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढलं आणि कारखान्याला लागलो. तेलाच्या जागी बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, समुद्राच्या जागी कॅनॉल. नाना त्याच वर्षी गेले. पुढच्या वर्षी विक्रांत मुंबईत भंगारात तोडली. ते त्यांना बघावं लागलं नाही.

विराट स्वतःच्या वाफेवर शेवटची चालली ती २३ जुलै २०१६ ला, मुंबईहून कोचीला. ऑक्टोबरात परत आली ती टगच्या दोरीला बांधून. पेपरात ती बातमी चार ओळींची होती. विझलेल्या बॉयलरचं जहाज बंदरात येतं म्हणजे काय, हे चार ओळींत कसं यावं. ६ मार्च २०१७ ला तिचा निरोप समारंभ होता. त्या वर्षी उसाची टंचाई, आमचा हंगाम लवकर आटोपलेला, म्हणून रजा मिळाली. गोदीत जुनी माणसं भेटली. सगळ्यांची पोटं सुटलेली. पीओ भेटले, आता पुरते म्हातारे, मिशी पांढरी, तिच्यावर अजून घाम. सूर्यास्ताला निशाण उतरलं, बिगुल वाजला. सगळे निशाणाकडे बघत होते. मी आणि पीओ फनेलकडे, धुराड्याकडे, बघत होतो. बॉयलर पेटलेला असला की फनेलवरची हवा हलते, मृगजळासारखी. त्या संध्याकाळी ती अजिबात हलत नव्हती. पीओ म्हणाले, "ठंडा है." मी म्हटलं, "हाँ सर."

१९ सप्टेंबर २०२० ला तिला ओढत गुजरातेत अलंगला नेलं, जिथं जहाजं तोडतात. व्हिडिओ सांगलीवाल्याने पाठवला. मी तेव्हा कारखान्यात, हंगामाआधीच्या ओव्हरहॉलवर, तोंडाला मास्क, बॉयलरचं झाकण उघडं. आत एक नवा पोरगा उतरणार होता, फलटणकडचा, माझ्यासारखाच किडकिडीत. व्हिडिओ अर्धा बघून मी फोन खिशात टाकला, मग खिशातून काढून बाहेर फळीवर ठेवला.

"दाजी, आत काय न्यायचं?" पोराने विचारलं.

"काय न्यायचं नाही. आधी प्यांटीची दुमड सोड."

त्याला काही कळलं नाही. त्याने वाकून दोन्ही दुमड्या सोडल्या, झटकल्या. आत भुसा होता, तो खाली पडला. मग तो हात पुढे करून भोकात शिरला आणि मी वही उघडून हत्यारं लिहायला घेतली.